शून्य नंबरचा पोर्ट

‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज.’ सर्व्हरच्या टेस्ट चालवणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ पाठ असते. संध्याकाळी कोड पाठवावा, बिल्ड मशीनवर टेस्ट सुरू व्हाव्यात आणि मधलीच एखादी लाल व्हावी. उघडून पाहावं तर बदललेल्या कोडचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. पुन्हा चालवली की हिरवी. ‘ती तशीच आहे रे, परत रन कर,’ असं शेजारचा सांगतो आणि त्या दिवसापुरता विषय मिटतो. तो असा मिटू देऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं. टेस्ट लाल झाली म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढ्या एका विश्वासावर सगळा डोलारा उभा असतो. ‘परत रन कर’ अंगवळणी पडलं की खरा बिघाड दाखवणारा लाल रंगही लोक त्याच सवयीनं पुसून टाकतात.

गूगलमधल्या टेस्टबद्दल जॉन मिको यांनी २०१६ साली काही आकडे जाहीर केले होते. तिथल्या जवळजवळ १६ टक्के टेस्ट कमी-अधिक प्रमाणात लहरी होत्या, म्हणजे कोड तोच, पण निकाल कधी पास तर कधी फेल. पास होणारी टेस्ट फेल व्हायला लागली, अशा घटना तपासल्या तर त्यांतल्या ८४ टक्के घटनांमागे लहरी टेस्ट निघाली. या सगळ्या काही पोर्टमुळे बिघडत नव्हत्या. लहरीपणाला कारणं पुष्कळ असतात. पण पोर्टची भानगड जवळजवळ पूर्णपणे टाळता येते, आणि तरीही अनेक प्रकल्पांत ती वर्षानुवर्षं तशीच पडून असते. बहुतेकांना तो मशीनचा दोष वाटतो. खरं तर तो टेस्ट ज्या पद्धतीनं मांडली आहे त्या पद्धतीचा दोष असतो.

सर्व्हर सुरू होताना आधी कर्नेलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडून, एक सॉकेट मागून घेतो. मग त्या सॉकेटला पत्ता जोडतो. याला बाइंड म्हणतात. त्यानंतर लिसन, म्हणजे येणाऱ्या कनेक्शनची वाट पाहणं. बर्कलीच्या विद्यापीठातून १९८३ साली आलेल्या ४.२ बीएसडीनं ही रीत घालून दिली आणि आजही लिनक्स, मॅक, विंडोज थोड्याफार फरकानं तीच पाळतात. पत्त्याचे दोन भाग: आयपी पत्ता आणि पोर्ट नंबर. पोर्ट नंबर सोळा बिटांचा, म्हणून ० ते ६५,५३५. एका आयपी पत्त्यावरच्या एका पोर्टवर एरवी एकच सर्व्हर ऐकू शकतो. दुसरा आला की कर्नेल त्याला परत पाठवतो. लिनक्सवर एरर नंबर ९८, मॅकवर ४८, विंडोजवर १००४८.

नंबर आधीच ठरवून ठेवायची सवय आपल्याला लागली ती इंटरनेटमुळे. १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलॉनेन यांनी एसएसएच लिहिलं. टेलनेट आणि एफटीपी या दोन्हींची जागा त्याला घ्यायची होती. एफटीपी २१वर, टेलनेट २३वर, आणि मधला २२ मोकळा. त्यांनी जुलै महिन्यात नंबरांची नोंद ठेवणाऱ्या आयाना या व्यवस्थेला ईमेल केला आणि दुसऱ्याच दिवशी २२ त्यांच्या नावावर झाला. तो नंबर जगजाहीर असणं गरजेचंच होतं. ज्याला सर्व्हरची काहीच माहिती नाही, अशा परक्या माणसानं दुरून यायचं तर दार कुठं आहे ते आधी ठाऊक हवं. टेस्टमध्ये मात्र परकं कुणीच नसतं. सर्व्हर आपण सुरू करतो, त्याला रिक्वेस्टही आपणच पाठवतो, आणि दोन्ही गोष्टी बहुधा एकाच मशीनवर, काही सेकंदांत उरकतात. तिथं ८०८० हा नंबर कुणाला सांगायचा आहे? कुणालाच नाही. तरी तो टेस्टमध्ये असतो, कारण कॉन्फिग फाइलमधून तो तसाच उचललेला असतो.

एकट्या लॅपटॉपवर हे बरेच दिवस खपतं. मग टीम टेस्ट झटपट व्हाव्यात म्हणून त्या आठ-आठ प्रोसेसमध्ये वाटून चालवायला लागते आणि आठही प्रोसेस ८०८० मागतात. किंवा एकाच बिल्ड मशीनवर दोन ब्रँचचे बिल्ड एकाच वेळी लागतात. किंवा काल मध्येच तोडलेल्या रनमधला सर्व्हर अजून जिवंत असतो. कधी कधी तर ऑपरेटिंग सिस्टीमच येऊन बसते. २०२१मध्ये मॅकओएस मॉन्टेरे आलं तेव्हा त्यातल्या एअरप्ले रिसीव्हरनं ५००० नंबरचा पोर्ट घेतला. फ्लास्क या पायथॉन फ्रेमवर्कचा ठरलेला नंबर तोच. कोडमध्ये एक अक्षर न बदलता जगभरच्या फ्लास्कवाल्यांचे सर्व्हर उठेनासे झाले. विंडोजवर हायपर-व्ही चालू असेल तर ते पोर्टचे अख्खे पट्टे स्वतःसाठी राखून ठेवतं. तिथं एरर येतो १००१३, ‘परवानगी नाही’ असा. यादीत पाहावं तर त्या पोर्टवर कुणीच बसलेलं नसतं, आणि माणूस ॲडमिनचे हक्क तपासत अर्धा दिवस घालवतो. राखीव पट्टे ‘नेटश’ या कमांडनं दिसतात, पण ते माहीत असायला हवं.

कधी पोर्टवर कुणीच ऐकत नसतं तरी तो मिळत नाही. टीसीपीचं कनेक्शन जो आधी बंद करतो, त्याच्या बाजूला ते ‘टाइम-वेट’ नावाच्या अवस्थेत थोडा वेळ टिकून राहतं. वाटेत रेंगाळलेलं जुनं पॅकेट उशिरा येऊन नव्या कनेक्शनमध्ये घुसू नये, म्हणून ही काळजी. १९८१च्या टीसीपीच्या मूळ दस्तऐवजात एका पॅकेटचं आयुष्य जास्तीत जास्त दोन मिनिटं धरलं आहे आणि थांबायचं त्याच्या दुप्पट, म्हणजे चार मिनिटं. लिनक्स ६० सेकंद थांबतो. टेस्टमध्ये सर्व्हर बंद करून त्याच पोर्टवर लगेच पुन्हा सुरू केला तर तो याच साठ सेकंदांत सापडतो. त्यावर ‘रियूज-ॲडर’ नावाचा सॉकेटचा पर्याय आहे. लिनक्सवर सर्व्हरनं तो लावावाच. त्यामुळे टाइम-वेटमधल्या कनेक्शनची आडकाठी राहत नाही, आणि जिवंत ऐकणारा असेल तर एरर मात्र येतोच. विंडोजवर हाच पर्याय लावला तर दुसरा सर्व्हर जिवंत असतानाही त्याच पोर्टवर बसता येतं, आणि मग येणारं कनेक्शन कुणाकडे जाईल याची काही शाश्वती नसते. तिथं हवा असतो त्याच्या उलट अर्थाचा, ‘हा पोर्ट फक्त माझा’ असं सांगणारा पर्याय. दोन्हीकडे चालणाऱ्या टेस्टच्या मदतनीस कोडमध्ये ‘रियूज-ॲडर’ सरसकट लावलेलं दिसलं की तिथं थांबून विचार करावा.

आता एक नमुना जवळून पाहू. एका प्रोग्रॅमरनं ठरवलं की ८०८०वर गर्दी असते, आपण कुणालाच सुचणार नाही असा नंबर घेऊ. त्यानं ४५६७८ घेतला. लिनक्सवर हा नंबर धोक्याच्या पट्ट्यात आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनलाही आपल्या बाजूचा एक पोर्ट लागतो आणि तो कर्नेल स्वतःच्या पट्ट्यातून काढून देतो. लिनक्सवर हा पट्टा मुळात ३२,७६८ ते ६०,९९९, म्हणजे २८,२३२ पोर्टचा. विंडोजवर ४९,१५२ ते ६५,५३५. मशीनवरचा ब्राउझर, पॅकेज उतरवणारा प्रोग्रॅम, लॉग पाठवणारा एजंट असे सगळे याच पट्ट्यातून घेतात. त्यांतल्या एखाद्याला नेमका ४५६७८ मिळाला की आपला सर्व्हर उठत नाही, आणि ते कनेक्शन सुटलं की कुणी काही न करता टेस्ट पुन्हा पास होते.

याच नंबरावर याहून विचित्र गोष्ट घडते. टेस्टमध्ये सहसा एक वाट पाहणारा लूप असतो: १२७.०.०.१वरच्या ४५६७८ला कनेक्ट करून बघ, नाही झालं तर जरा थांब, पुन्हा बघ. प्रत्येक प्रयत्नात कर्नेल त्या लूपला आपल्या पट्ट्यातला एक पोर्ट देतो. सर्व्हर उठायला वेळ लागला आणि प्रयत्न वाढले, की कधीतरी लूपलाच ४५६७८ हा पोर्ट मिळतो. मग कनेक्शनची दोन्ही टोकं एकच होतात. दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी कनेक्ट करायची मुभा टीसीपीत पहिल्यापासून आहे, त्यामुळे सॉकेट स्वतःशीच जोडलं जातं. लूप म्हणतो, सर्व्हर उठला. पुढची रिक्वेस्ट पाठवली की उत्तर म्हणून तीच रिक्वेस्ट परत येते. आणि खरा सर्व्हर अखेर बाइंड करायला येतो तेव्हा त्याला मिळतो एरर ९८. लिनक्सचा कर्नेल २०१५पासून बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी सम नंबर आधी वापरतो आणि विषम नंबर बाइंड करणाऱ्यांसाठी शिल्लक ठेवायचा प्रयत्न करतो. ४५६७८ सम आहे. एखादा नंबर ठरवून घ्यायचाच झाला तर तो कर्नेलच्या पट्ट्याच्या बाहेरचा, लिनक्सवर ३२,७६८च्या खालचा असावा, किंवा प्रशासकानं तो राखीव यादीत टाकलेला असावा.

हे सगळं झालं लाल रंगाबद्दल. मला जास्त भीती वाटते ती हिरव्या रंगाची. टेस्ट सर्व्हरला वेगळी प्रोसेस म्हणून सुरू करते. पोर्ट अडलेला आहे म्हणून ती प्रोसेस लगेच मरते. टेस्टनं ती जिवंत आहे का हे पाहिलेलंच नसतं. ती ८०८०ला कनेक्ट करते आणि कनेक्शन होतं. तिथं कालच्या तुटलेल्या रनमधला सर्व्हर बसलेला असतो, कालच्या कोडसकट. तो सगळी उत्तरं बरोबर देतो आणि टेस्ट पास होते. आज सकाळी घुसवलेला दोष कुणालाही दिसत नाही, कारण आजचा कोड चाललाच नाही. अशी टेस्ट नसलेली परवडली; निदान खोटी खात्री तरी देत नाही.

यावर उपाय अवघड नाही, फक्त तो कुणीतरी मनावर घ्यायला हवा. सर्व्हरची प्रोसेस जिवंत आहे का, हे वाट पाहणाऱ्या लूपनं प्रत्येक फेरीत तपासावं. ती मेली असेल तर तिथंच, तिच्या शेवटच्या लॉगसकट टेस्ट फेल करावी. शिवाय सर्व्हर सुरू करताना त्याला एक ताजी खूण द्यावी, कुठलीही यादृच्छिक अक्षरं चालतील, आणि ‘तू ठीक आहेस ना’ या पहिल्या रिक्वेस्टच्या उत्तरात तीच खूण मागावी. खूण जुळली तरच पुढे जायचं. आणखी एक बारकावा म्हणजे ‘लोकलहोस्ट’ हे नाव. ते कधी १२७.०.०.१कडे जातं, कधी आयपीव्ही६च्या पत्त्याकडे. नोडजेएसनं सतराव्या आवृत्तीपासून आयपीव्ही४ला पुढे काढायचं सोडून दिलं, तेव्हा अनेकांच्या टेस्ट भलत्याच पत्त्यावर जाऊ लागल्या. एका पत्त्यावर आपला सर्व्हर आणि दुसऱ्या पत्त्यावर, त्याच नंबरावर, भलताच कुणी, असं होऊ शकतं. म्हणून दोन्हीकडे पत्ता आकड्यांतच लिहावा.

ठरलेला नंबर नको हे पटलं की बहुतेक जण एक सोपी युक्ती करतात: मोकळा पोर्ट शोधायचा. एक तात्पुरतं सॉकेट उघडायचं, कुठला पोर्ट मिळाला तो नंबर टिपायचा, सॉकेट बंद करायचं आणि तो नंबर सर्व्हरला द्यायचा. स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून डोकावून आपण रिकामी सीट हेरतो आणि दाराकडे वळसा घालून आत पोचेपर्यंत तिथं दुसराच कुणी बसलेला असतो; ही युक्ती तशीच फसते. पाहणं आणि बसणं यांच्या मधल्या वेळेत पोर्ट कुणाचाच नसतो. तो वेळ काही मिलिसेकंदांचा असला तरी दिवसाकाठी हजारो टेस्ट चालवणाऱ्या ठिकाणी तेवढी फट पुरते. जावाच्या जगात गाजलेल्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये ‘सॉकेटयुटिल्स’ नावाचा क्लास नेमकं हेच काम करत असे. याच फटीमुळे २०२२च्या सुरुवातीला तो कालबाह्य ठरवला गेला आणि सहाव्या आवृत्तीतून काढूनच टाकला. पायथॉनच्या स्वतःच्या टेस्टसंचात दोन मदतनीस फंक्शन आहेत: एक न वापरलेला पोर्ट शोधून नंबर देतं, दुसरं सॉकेट बाइंड करून पोर्ट हाती देतं. शक्य असेल तिथं दुसरंच वापरा, असं तिथल्या कोडमध्येच बजावून ठेवलं आहे.

मग करायचं काय? जागा आधी घ्यायची, नंबर नंतर विचारायचा. बाइंड करताना पोर्ट म्हणून ० द्यावा. शून्यावर कुणी ऐकत नाही. शून्याचा अर्थ, ‘तुझ्या पट्ट्यातला मोकळा असेल तो दे.’ कर्नेल पोर्ट निवडतो आणि त्याच क्षणी तो आपल्या सॉकेटला बांधतो. निवडणं आणि बांधणं यांत फटच उरत नाही. त्यानंतर ‘गेटसॉकनेम’ या कॉलनं नंबर विचारून घ्यायचा आणि रिक्वेस्ट पाठवणाऱ्या बाजूला सांगायचा. गो भाषेच्या प्रमाण लायब्ररीतला टेस्टसाठीचा एचटीटीपी सर्व्हर हेच करतो. स्प्रिंग बूटमध्ये सर्व्हरचा पोर्ट ० ठेवला की मिळालेला नंबर टेस्टमध्ये आणून द्यायची सोय आहे. टेस्ट आणि सर्व्हर एकाच प्रोसेसमध्ये असतील तर विषय इथंच संपतो.

सर्व्हर वेगळी प्रोसेस असेल तर नंबर उलट्या दिशेनं यायला हवा: सर्व्हरकडून टेस्टकडे. क्रोम ब्राउझरचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. त्याला बाहेरून चालवण्यासाठी एक डीबगिंग पोर्ट असतो. तो ० ठेवला तर क्रोम कर्नेलकडून पोर्ट घेतो आणि आपल्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये ‘डेवटूल्सॲक्टिव्हपोर्ट’ नावाच्या फाइलीत तो नंबर लिहून ठेवतो. प्रत्येक रनला नवा फोल्डर दिला की दुसऱ्या क्रोमशी गल्लत व्हायचा प्रश्नच नाही. आपल्या सर्व्हरमध्येही हे करायला फार तर दहा-वीस ओळी लागतात. तेवढा बदल सर्व्हरच्या मूळ कोडमध्ये करायला पुष्कळ जण कचरतात, ‘टेस्टसाठी कशाला?’ म्हणून. माझं मत असं की आपण नेमक्या कुठल्या पोर्टवर ऐकतोय हे सर्व्हरनं सांगणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे, आणि रात्री दोन वाजता लाइव्ह सिस्टीमचा बिघाड शोधणाऱ्यालाही ती ओळ तेवढीच उपयोगी पडते.

याहून भक्कम रीत म्हणजे टेस्टनं स्वतः बाइंड आणि लिसन करून तयार सॉकेटच सर्व्हर प्रोसेसच्या हाती द्यायचं. युनिक्समध्ये मूल प्रोसेसला आईची उघडी सॉकेट वारशानं मिळू शकतात. जुना आयनेटडी हेच करायचा आणि आजचा सिस्टीमडीही करतो. सिस्टीमडीच्या रीतीत अशी सॉकेट तीन या फाइल-क्रमांकापासून पुढे मिळतात, आणि ती किती आहेत ते एका एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून कळतं. या रीतीचा एक फायदा पटकन लक्षात येत नाही. सॉकेट आधीपासूनच ऐकत असतं, त्यामुळे सर्व्हर उठायच्या आत टेस्टनं कनेक्ट केलं तरी कर्नेल ते कनेक्शन रांगेत उभं करतो, नाकारत नाही. सर्व्हर तयार झाला की रांगेतून उचलतो. तो वाट पाहणारा लूप आणि त्यातले थांबण्याचे अंदाजपंचे आकडे, सगळं जातं.

अर्थात सगळे सर्व्हर शून्य मानत नाहीत. रेडिसला पोर्ट ० दिला तर तो टीसीपीवर ऐकतच नाही. त्याच्या भाषेत शून्याचा अर्थ तसा आहे. पोस्टग्रेस १च्या खालचा नंबर घेतच नाही. पोस्टग्रेसच्या कर्त्यांनाही हाच प्रश्न होता, आणि त्यांचा स्वतःचा टेस्टसंच त्यावर काय करतो ते वाचनीय आहे. विंडोज सोडून इतरत्र तो शक्यतो टीसीपी वापरतच नाही. तात्पुरत्या फोल्डरमध्ये युनिक्स सॉकेटची फाइल बनवतो, म्हणजे पोर्टचं भांडण फाइलच्या नावापुरतं उरतं. जिथं नंबर लागतोच तिथं तो १०,२०० ते ३२,७६७ या पट्ट्यात शोधतो. वरचं टोक लिनक्सच्या पट्ट्याच्या बरोबर एक पाऊल अलीकडे आहे. शिवाय घेतलेल्या नंबराच्या नावानं एक फाइल कुलूपबंद करतो, म्हणजे शेजारी चालणारा दुसरा टेस्टसंच तो नंबर घेत नाही. युनिक्स सॉकेट वापरताना एवढं ध्यानात ठेवावं की फाइलच्या पूर्ण मार्गाला लिनक्सवर १०८ बाइटची आणि मॅकवर १०४ बाइटची मर्यादा आहे. बिल्ड मशीनवरच्या लांबलचक फोल्डरांत ती सहज ओलांडली जाते आणि एररमध्ये पोर्टचं नावही नसतं.

कंटेनर आल्यापासून आणखी एक वाट मोकळी झाली. लिनक्समध्ये २००८पासून नेटवर्क नेमस्पेस आहेत: प्रत्येक नेमस्पेसला आपलं स्वतंत्र १२७.०.०.१ आणि आपले ६५ हजार पोर्ट. कंटेनरच्या आत पोस्टग्रेस निर्धास्तपणे ५४३२वर बसतो, बाहेरच्या बाजूला डॉकर कर्नेलच्या पट्ट्यातला कुठलाही मोकळा पोर्ट जोडून देतो, आणि टेस्टकंटेनर्ससारखी लायब्ररी तो बाहेरचा नंबर विचारून आणते. इथंही कुणीतरी बाहेरचा नंबर कॉन्फिगमध्ये ५४३२ असाच बांधून टाकतो आणि सगळा लाभ घालवतो. तसं करू नये.

एवढं करूनही बाइंड कधीतरी फसणार. तेव्हा काय करावं, यावर मतं वेगळी आहेत. काही टीम पोर्ट मिळाला नाही तर टेस्ट ‘स्किप’ करतात. मला ते मुळीच मान्य नाही. स्किप झालेल्या टेस्टची कुणी दखल घेत नाही, आणि महिन्याभरानं कळतं की पेमेंटच्या टेस्ट तीन आठवडे चाललेल्याच नाहीत. काही जण अख्खी टेस्ट तीनदा चालवतात आणि एकदा पास झाली की पास धरतात. त्यात पोर्टच्या अडचणीबरोबर कोडमधला खरा, अधूनमधून डोकावणारा दोषही गिळला जातो. पुन्हा प्रयत्न करायचा तो फक्त बाइंड आणि लिसनचा, फक्त ‘पत्ता वापरात आहे’ या एकाच एररवर, दर वेळी नवा नंबर घेऊन, आणि मोजक्या वेळा. लिसनही त्यात धरायचं, कारण लिनक्सवर ‘रियूज-ॲडर’ लावलेली दोन सॉकेट एकाच पोर्टवर बाइंड होऊ शकतात आणि भांडण लिसनच्या वेळी उघडं पडतं. परवानगीचा एरर आला तर पुन्हा प्रयत्न करून उपयोग नाही. तिथं लगेच थांबावं.

आणि थांबताना माहिती देऊन थांबावं. नुसतं ‘पत्ता वापरात आहे’ एवढं सांगणारा एरर अर्धवट असतो. कुठला पत्ता, कुठला पोर्ट, आणि आत्ता तो कुणाकडे आहे? त्याच क्षणी लिनक्सवर ‘एसएस’, मॅकवर ‘एलएसओएफ’ किंवा विंडोजवर ‘नेटस्टॅट’ चालवून त्याचं उत्तर लॉगमध्ये टाकावं. पाच मिनिटांनी माणूस मशीनवर लॉगिन करतो तोवर पोर्ट अडवणारा निघून गेलेला असतो. बिल्डच्या अहवालातही ‘सर्व्हर उठलाच नाही’ आणि ‘सर्व्हर उठला पण उत्तर चुकीचं दिलं’ हे दोन निकाल वेगळे दिसावेत. दोन्ही लाल, पण पहिला बिल्ड मशीन सांभाळणाऱ्याकडे जायचा आणि दुसरा कोड लिहिणाऱ्याकडे.

शून्य देऊनही ९८ आला तर मात्र कान टवकारावेत. त्याचा अर्थ कर्नेलच्या पट्ट्यातले पोर्टच संपले. २८ हजार पोर्ट एका टेस्टसंचाला सहसा पुरून उरतात. ते संपत असतील तर कुठंतरी कनेक्शन उघडली जाताहेत आणि बंद होत नाहीयेत, किंवा प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडून सेकंदाला शेकड्यांनी टाइम-वेटचा ढीग साचतो आहे. पट्टा वाढवून तात्पुरतं निभावतं, पण टेस्टमध्ये कनेक्शन सांडणारा कोड लाइव्ह सिस्टीमवरही सांडत असण्याची दाट शक्यता असते. हा लाल रंग आपल्याला काहीतरी खरं सांगतो आहे असं समजून त्याच्या मागे लागावं.

शेवटी एक टेस्ट अशी लिहावी जी पोर्ट मुद्दाम अडवते. आधी स्वतः शून्यावर बाइंड आणि लिसन करून एक पोर्ट पकडून ठेवायचा; सॉकेट बंद करायचं नाही. मग आपला सर्व्हर त्याच नंबरावर सुरू करायचा आणि तीन गोष्टी तपासायच्या: तो काही सेकंदांत बंद पडतो का, बंद पडताना शून्याखेरीज एक्झिट कोड देतो का, आणि एररच्या ओळीत तो पोर्ट नंबर आहे का. पुष्कळ सर्व्हर पहिल्याच तपासणीत नापास होतात. ऐकणारा थ्रेड मरतो, मुख्य थ्रेड चालूच राहतो, आणि प्रोसेसच्या यादीत सर्व्हर ठणठणीत दिसतो. विंडोजवरही ही टेस्ट चालवून पाहावी. ‘रियूज-ॲडर’ चुकून लागलेलं असेल तर तिथं सर्व्हर त्याच पोर्टवर बिनबोभाट उठतो, आणि टेस्ट लाल होते.